तोफेच्या टप्प्याइतकी सत्ता

चेन्नई शहर एका कागदातून उभे राहिले, आणि त्या कागदाने दिलेली सत्ता अवघ्या दोन वर्षांची होती.

साल १६३९. वांदिवाशचा सरदार दामर्ला वेंकटाद्री नायक हा चंद्रगिरीच्या विजयनगर राजाचा मांडलिक. त्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस डे याला मद्रासपट्टणम् गावाजवळची समुद्रकाठची वाळूची पट्टी दिली. आज चेन्नईकर २२ ऑगस्टला ‘मद्रास दिन’ साजरा करतात तो याच घटनेचा. वेंकटाद्रीचे वडील चेन्नप्पा नायक. त्यांच्या नावावरून चेन्नपट्टण, आणि जुन्या मराठी पत्रांतले चेनापट्टण. नायकाच्या कागदाचा आशय असा: इंग्रज किल्ल्यात राहायला आले की त्या दिवसापासून दोन वर्षे गाव चालवण्याची आणि त्याची व्यवस्था लावण्याची पूर्ण सत्ता त्यांची. त्यानंतर बंदराच्या जकातीचा आणि उत्पन्नाचा निम्मा वाटा त्यांना, निम्मा नायकाला. नाणी पाडण्याचा हक्क मात्र कायमचा.

एकाच कागदात तीन तऱ्हेचे देणे आहे. एक मुदतीचे, एक वाट्याचे, एक कायमचे. पुढची तीनशे वर्षे या किनाऱ्यावर जे घडले, त्याचे बीज या तीन तऱ्हांच्या फरकात आहे असे मला वाटते. गूळ दिला तर देणाऱ्याच्या डब्यातला गूळ तेवढा कमी होतो. सत्तेचे तसे नाही. ती दिल्यावर देणाऱ्याकडे किती उरली, परत मागता येते का, घेणाऱ्याला ती पुढे तिसऱ्याला देता येते का, हे सगळे ठरते ते देताना वापरलेल्या क्रियापदावर. मराठीने या एका कामासाठी किती क्रियापदे घडवली आहेत! कौल देणे, सनद करून देणे, बहाल करणे, दुमाला करणे, मुक्रर करणे, नेमणे, सोपवणे, सुपूर्द करणे, हवाली करणे, मुखत्यारी देणे, वस्त्रे देणे, उदक सोडणे. समानार्थी शब्दांच्या यादीत ही सगळी शेजारी शेजारी बसतात. दप्तरात मात्र यातले एक दुसऱ्याच्या जागी चालत नव्हते.

नायकाने दिलेल्या कागदाला त्या काळी कौल म्हणत. इंग्रजांनी तो शब्द आपल्या वह्यांत ‘काउल’ असा उतरवून घेतला. अरबीत त्याचा मूळ अर्थ उच्चारलेला शब्द, वचन. कोकणात गुरव देवाला कौल लावतो, तेव्हा पाषाणावर चिकटवलेली कळी डावीकडे पडते की उजवीकडे यात देवाचे वचन वाचले जाते. निवडणुकीनंतर आपण मतदारांनी कौल दिला म्हणतो. राज्यकारभारातला कौल याच कुळातला: उजाड गावात लोकांनी परत येऊन वसावे म्हणून दिलेला अभयाचा कौल, पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याला सुरुवातीला कमी साऱ्याचा कौल. कौलात मालकी दिलेली नसते. ‘तू असे कर, मी तुला असे वागवीन’ एवढा शब्द दिलेला असतो. मग शब्द देणारा गेला की शब्दाचे काय?

मद्रासच्या इंग्रजांना हा प्रश्न वारंवार पडला. १६४५ साली विजयनगरच्या श्रीरंगरायाकडून त्यांनी नवा कौल मिळवला, कारण मधल्या काळात जुना राजा जाऊन नवा आला होता. लवकरच त्या मुलखावर गोवळकोंड्याची कुतुबशाही आली. १६७२ मध्ये तिच्या वतीने नेकनाम खानाने वर्षाला १,२०० होन ठरवून कायमचा कौल दिला. १६८७ मध्ये गोवळकोंडाच औरंगजेबाने घेतला, तेव्हा मोगलांकडून पुन्हा सगळे मान्य करून घ्यावे लागले. जमीन तीच, किल्ला तोच, समुद्र तोच. प्रत्येक वेळी नवा कागद.

इथे मराठीतले ‘बहाल करणे’ आठवते. आज वर्तमानपत्रात पदवी बहाल होते, पुरस्कार बहाल होतो, म्हणजे नव्याने मिळतो. फारसीत ‘ब-हाल’ म्हणजे आहे त्या स्थितीत, पूर्वीप्रमाणे. दप्तरातले बहाल करणे हे पहिल्यांदा देणे नव्हते; पूर्वी होते ते तसेच चालू ठेवणे होते. नवा छत्रपती गादीवर आला, नवा सुभेदार आला, की वतनदार आपापले जुने कागद घेऊन हजर होत आणि वतन बहाल करून घेत. याच्या उलट बडतर्फ, मूळचे ‘बरतर्फ’, म्हणजे एका बाजूला. ‘बहाली-बडतर्फी’ हा जोडशब्द कारभारात एका दमात यायचा: माणसांना जागी ठेवण्याचा आणि जागेवरून हटवण्याचा हक्क. ज्याच्या हाती बहाली-बडतर्फी, खरा धनी तो. मद्रासच्या किल्ल्यातल्या इंग्रजांनी नायकानंतर रायाला, रायानंतर कुतुबशहाला, कुतुबशहानंतर मोगलांना धरले, ते सारे आपले गाव बहाल करून घेणे होते.

आता चेन्नईपासून सुमारे दीडशे किलोमीटर नैर्ऋत्येला जिंजीला जाऊ. तीन डोंगर, त्यांना जोडणारी तटबंदी, आणि मराठ्यांच्या इतिहासातली जवळजवळ नऊ वर्षे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात महाराष्ट्राबाहेरचा हा एकच. शिवाजी महाराजांनी तो १६७७ च्या दक्षिण स्वारीत घेतला होता. त्या स्वारीची आखणी करण्यात ज्यांचा मोठा हात होता ते रघुनाथपंत हणमंते. आणि फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ त्यांच्याच नावाशी जोडला जातो. कारभाराचा एक एक शब्द तपासून पाहणारे मन आणि जिंजीसारखा किल्ला हेरणारी नजर एकाच माणसाची असावी, याचे मला फार नवल वाटते.

१६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड वेढला गेला आणि राजाराम महाराज पन्हाळ्याहून वेश पालटून दक्षिणेकडे निघाले. स्वराज्याची राजधानी जिंजीला आली. सत्ता कशी द्यायची हा प्रश्न इतक्या निकडीने मराठी राज्यापुढे याआधी कधी आला नव्हता. राजा तमिळ मुलखात, राज्य सह्याद्रीत, मधे औरंगजेबाची फौज. पत्राला उत्तर यायला महिने लागत. अशा वेळी आज्ञा धाडून राज्य चालत नाही. आज्ञा देण्याचा हक्कच धाडावा लागतो.

राजारामांनी तेच केले. महाराष्ट्रात मागे राहिलेल्या रामचंद्रपंत अमात्यांना त्यांनी ‘हुकूमतपन्हा’ हा किताब दिला. हुकूमत म्हणजे राज्य करणे, पनाह म्हणजे आसरा. हा माणूस सत्तेचा आसरा आहे. त्याने जागेवर घेतलेला निर्णय राजाने घेतल्यासारखा. जिंजीत प्रल्हाद निराजींसाठी ‘प्रतिनिधी’ हे नवे पद निघाले, तेही अष्टप्रधानांच्या वरचे. सेनापतीकडे फौज असते, अमात्याकडे जमाखर्च असतो. प्रतिनिधीकडे स्वतःचे असे खाते नाही. राजाच्या जागी उभे राहणे हेच त्याचे काम. एका राजाने दोन दिशांना आपल्या सत्तेची दोन रूपे उभी केली आणि तरी राजा राजाच राहिला. संकटाने शिकवलेली ही राज्यशास्त्राची अव्वल कामगिरी आहे, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत तिला मिळते त्याहून कितीतरी मोठी जागा तिला मिळायला हवी.

जिंजीहून आणखी एका तऱ्हेचे देणे सुरू झाले. शिवाजी महाराजांचा कल रोख पगारावर होता. मुलूख तोडून देणे त्यांना धोक्याचे वाटे. राजारामांकडे रोख नव्हती. म्हणून त्यांनी जे अजून हाती नव्हते ते देऊ केले. १६९१ मध्ये हणमंतराव घोरपडे यांना लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद आणि थेट दिल्लीपर्यंतचे प्रांत घेतल्यावर काय काय मिळेल हे टप्प्याटप्प्याने लिहून दिले आहे. स्वतः वेढ्याच्या छायेत असलेला राजा दिल्लीच्या विजयाचे बक्षीस आज मुक्रर करतो आहे! या देण्याचे क्रियापद भविष्यकाळातले आहे, आणि त्या भविष्यकाळावर विश्वास ठेवून माणसे लढली. पुढे हीच पद्धत सरंजामी म्हणून फोफावली आणि तिने राज्याच्या चिरफळ्याही केल्या. वतनदार हे राज्याचे वाटेकरी होऊन बसतात, त्यांना सांभाळताना राजाने डोळ्यांत तेल घालून राहावे, असा इशारा ज्या ‘आज्ञापत्रा’त आहे, ते लिहिले हुकूमतपन्हा रामचंद्रपंतांनी. सत्ता वाटण्याचे दोन्ही परिणाम त्यांनी स्वतःच्या हातांनी हाताळले होते.

याच जिंजीच्या दरबारातून १६९० मध्ये जे देणे निघाले, त्याच्या तोडीचे दुसरे मला जगाच्या इतिहासात आढळलेले नाही. मद्रासच्या दक्षिणेला, कडलूरजवळ, देवनामपट्टिणम् येथे समुद्रकाठी एक लहान किल्ला होता. मद्रासचा गव्हर्नर एलिहू येल याने तो मराठ्यांकडून विकत घेण्याचा सौदा केला. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाला ज्याचे नाव आहे तोच हा. किल्ल्याबरोबर भोवतालची जमीनही द्यायची होती. ती किती? मोजणी नाही, नकाशा नाही, शिवेचे दगड नाहीत. ठरले असे: किल्ल्यावरून तोफ डागावी आणि गोळा जिथवर पडेल तिथवरचा मुलूख इंग्रजांचा.

येलने मद्रासहून चांगल्यात चांगली पितळी तोफ आणि तितकाच कसबी गोलंदाज धाडला. सप्टेंबर १६९० मध्ये गोळे सुटले. तोफेचे तोंड आडवे ठेवले तर गोळा लवकर जमिनीला लागतो. फार वर केले तर उंच जाऊन जवळच पडतो. हवेचा अडथळा सोडला तर सर्वांत लांबचा टप्पा मिळतो तो साधारण पंचेचाळीस अंशांना, आणि गोलंदाजांना हे अनुभवाने ठाऊक होते. गोळ्याने आकाशात काढलेली कमान जिथे जमिनीला टेकली, तिथे मराठ्यांची हद्द संपली आणि कंपनीची सुरू झाली. त्या टप्प्यात कडलूर गाव आणि आजूबाजूची खेडी आली. तमिळमध्ये गुंडु म्हणजे गोळा; ही खेडी ‘गुंडु ग्रामम्’ म्हणून ओळखली गेली आणि कडलूरमध्ये ‘गुंडु सालै’ नावाचा रस्ता आजही आहे. किल्ल्याला नाव पडले फोर्ट सेंट डेव्हिड. १७४६ मध्ये फ्रेंचांनी मद्रास जिंकले, तेव्हा कंपनीचा या किनाऱ्यावरचा सारा कारभार याच किल्ल्यात हलला आणि १७५२ पर्यंत तिथेच राहिला. तरुण रॉबर्ट क्लाइव्ह मद्रासहून निसटून इथेच आला. तोफेच्या टप्प्याने मोजून दिलेली ही जमीन नसती तर मद्रास गमावल्यावर कंपनीला या किनाऱ्यावर पाय टेकायला कुठे जागा मिळाली असती, कोण जाणे.

आणि याच सुमारास झुल्फिकार खान मोगली फौज घेऊन जिंजीला वेढा घालायला आला होता. मद्रासचे गाव इंग्रज त्याच्याकडून मान्य करून घेत होते. म्हणजे वेढ्याच्या आतल्याकडून देवनामपट्टिणम्, आणि वेढा घालणाऱ्याकडून मद्रास. १६९० च्या दशकातच मोगलांकडून एग्मोर, पुरसवाक्कम आणि तोंडियारपेट ही गावे कंपनीला मिळाली. आज ती चेन्नईच्या ऐन वस्तीत आहेत. १६९८ मध्ये जिंजी पडली, राजाराम महाराज त्याआधीच निसटून महाराष्ट्रात परतले. देणारा गेला, दिलेले राहिले.

ज्याला सत्ता दिली आहे, त्याला ती पुढे देता येते का? याचे देखणे उदाहरण खुद्द चेन्नईत आहे. चेन्नई महानगरपालिका ही भारतातली सर्वांत जुनी. तिची सनद ३० डिसेंबर १६८७ ची, आणि २९ सप्टेंबर १६८८ ला कारभार सुरू झाला. ही सनद इंग्लंडच्या राजाने आपल्या मोहरेने द्यावी, की राजाकडून मिळालेल्या अधिकारात कंपनीने आपल्या शिक्क्याने द्यावी, यावर लंडनमध्ये खल झाला. कंपनीच्या धुरीणांचे म्हणणे पडले की राजाने थेट नेमलेली माणसे मद्रासमध्ये कंपनीला जुमानणार नाहीत, तोऱ्यात वागतील. दुसऱ्या जेम्स राजाला ते पटले, आणि सनद कंपनीच्या शिक्क्याने निघाली. नगरपालिकेचे अधिकार शब्दशः तेच असते; पण ते कोणाच्या हातून आले, यावर माणूस कोणापुढे मान लववणार हे ठरत होते. अधिकाराबरोबर खुणाही आल्या: चांदीच्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या दोन छड्या, महापौर आणि आल्डर्मनांना लाल झगे, आणि डोक्यावर छत्री धरवून घेण्याची मुभा. ज्या भाषेत राजाला छत्रपती म्हणतात, त्या भाषेच्या वाचकाला या छत्रीचे मोल वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे हेच काम वस्त्रे करीत. पहिल्या बाजीरावाला १७२० मध्ये शाहू महाराजांनी कऱ्हाडजवळ मसूरच्या मुक्कामी पेशवाईची वस्त्रे दिली. सवाई माधवराव १७७४ मध्ये पुरंदरावर जन्मले आणि चाळीस दिवसांच्या त्या बाळासाठी साताऱ्याहून वस्त्रे आली. पेशव्याच्या हाती सगळे राज्य होते, साताऱ्याच्या छत्रपतींच्या हाती जवळजवळ काही उरले नव्हते, तरीही ती वस्त्रे आल्यावाचून पेशवा पेशवा होत नव्हता. सत्ता नसलेल्याकडून सत्ता घ्यावी लागणे, हे देण्याच्या क्रियापदाचे सामर्थ्य.

मराठी सनदांची भाषा वाचताना जाणवते की लिहिणाऱ्याला प्रत्येक फट ठाऊक होती. गाव इनाम दिला तर ‘जल तरू तृण काष्ठ पाषाण निधिनिक्षेप’ असे एकेक नाव घेऊन देत: पाणी, झाड, गवत, लाकूड, दगड, जमिनीत पुरलेले धन. नाव घेतले नाही ते देणाऱ्याकडे राहिले असे कोणी उद्या म्हणू नये म्हणून. त्याच दमात ‘खेरीज हक्कदार व इनामदार’ असे म्हणून आधीच्यांचे हक्क बाजूला राखत. शेवटी अंमलदाराला बजावत की दर साल नव्या पत्राचा उजूर करू नये, आणि या पत्राची प्रत लिहून घेऊन अस्सल पत्र भोगवट्यासाठी धन्याला परत द्यावे. म्हणजे नेहमी लागणारी बहाली या एका वाक्याने टाळली. सनद या अरबी शब्दाचा अर्थच आधार, ज्याला टेकून उभे राहावे ते. ‘दुमाला करणे’ यात फारसी ‘दुंबाल’ आहे, म्हणजे शेपूट, पाठ. गाव ज्याला दुमाला केले त्याच्या पाठीशी ते लावून दिले, सरकारने मागे हटायचे. वतनाची चौकशी निघाली तर ते जप्त होण्याआधी ‘अमानत’ होई, म्हणजे निकाल लागेपर्यंत सरकारात ठेव म्हणून. दिलेही नाही, काढलेही नाही, अशी ही मधली अवस्था.

परत न घेण्याजोगे देणे हवे असेल तर कागद पुरत नसे, पाणी लागे. दान देताना हातावरून पाण्याची धार सोडत. म्हणून ‘उदक सोडणे’. तंजावरच्या शहाजीराजांनी १६९३ मध्ये कुंभकोणमजवळचे तिरुविसनल्लूर गाव चाळीसहून अधिक विद्वानांना अग्रहार म्हणून दिले, ते याच परंपरेतले देणे. मराठीत त्याचीच दुसरी बाजू ‘हक्कावर पाणी सोडणे’: एकदा धार सुटली की आपला संबंध संपला. तमिळमध्ये हुबेहूब हेच आहे. ‘तारै वार्त्तल’, म्हणजे धारा ओतणे. तमिळ लग्नात कन्यादान याच शब्दाने होते. आणि १९७४ मध्ये कच्चतीवू बेट श्रीलंकेकडे गेले त्याबद्दल तमिळनाडूत आजही भाषणांतून, वर्तमानपत्रांतून म्हणतात की ते ‘तारै वार्त्तु’ दिले. दोन भाषा वेगवेगळ्या कुळांतल्या, पण एकाच धारेने भिजलेल्या. चेन्नईच्या मराठी माणसाने तिथले वर्तमानपत्र उघडावे आणि आपल्याच आजीचा वाक्प्रचार समोर यावा, असे हे आहे.

‘अधिकार’ शब्दाचेही तिथे एक सुंदर वळण आहे. तमिळमध्ये ‘अदिगारम्’ म्हणजे सत्ता, आणि ग्रंथाचा अध्यायही. तिरुक्कुरळचे १३३ अदिगारम् आहेत. पाणिनीच्या व्याकरणात अधिकारसूत्र असते: एकदा सांगितलेला विषय पुढच्या सूत्रांवर, हद्द संपेपर्यंत, राज्य करतो. त्या सूत्राला स्वतःचे वेगळे काम नसते, पुढच्यांवर त्याची छाया असते. कुठून कुठवर चालते ते, हाच अधिकाराचा अर्थ. देवनामपट्टिणम्‌च्या तोफेने तोच काढून दाखवला होता.

दिलेल्या सत्तेचे पुढे काय होते, हे तंजावरच्या मराठ्यांनी सोसले. १७९९ च्या तहाने सरफोजीराजांनी राज्याचा कारभार कंपनीकडे दिला. किल्ला आणि भोवतालचा थोडा भाग, उत्पन्नाचा पाचवा हिस्सा आणि वर्षाला एक लाख होन एवढे राहिले. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि कंपनीने राज्य खालसा केले. खालसा करताना राजाची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. तेव्हा राणी कामाक्षीबाई मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या. ज्या कंपनीला त्यांच्याच भाऊबंदांनी कधी तोफेच्या टप्प्याइतकी जमीन दिली होती, तिच्याविरुद्ध, तिच्याच शहरात, एका विधवा राणीने दावा लावला. आणि मद्रासच्या न्यायालयाने निकाल राणीच्या बाजूने दिला. इंग्रज न्यायाधीशांनी इंग्रज सरकारविरुद्ध दिलेला हा निकाल आपल्याकडे फारसा कोणी आठवत नाही.

कंपनी लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेली. १८५९ मध्ये तिथे निकाल फिरला. न्यायमूर्तींचे म्हणणे असे की कंपनीने हे कायद्याच्या कोणत्या हक्काने केलेले कृत्य नव्हे. एका सार्वभौम सत्तेने दुसऱ्या सत्तेबाबत केलेले राजकृत्य आहे, आणि ते न्याय्य होते की अन्याय्य, हे ठरवण्याचा अधिकार कुठल्याच न्यायालयाला नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही शिकवतात. देण्यासाठी कौल होता, सनद होती, परवाना होता, तह होता. घेताना कागदच लागला नाही.

पुढे १८६२ मध्ये ते सुप्रीम कोर्ट जाऊन मद्रास हायकोर्ट आले. मुंबई आणि मद्रास या दोन्ही न्यायालयांना व्हिक्टोरिया राणीने २६ जून १८६२ च्या सनदेने अधिकार दिले. या सनदेला ‘लेटर्स पेटंट’ म्हणतात. पेटंट म्हणजे उघडे: पत्र मोहोरबंद घडीत न देता, कोणालाही वाचता येईल असे उघडे, खाली शिक्का लटकलेले. १८६५ मध्ये ती सनद सुधारून पुन्हा निघाली. तिचे पंधरावे कलम सांगते की एकट्या न्यायाधीशाच्या निकालावर त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांपुढे अपील करता येईल. १९४७ मध्ये इंग्रजांचे राज्य गेले. १९५० मध्ये संविधान आले, आणि त्याच्या २२५ व्या अनुच्छेदाने उच्च न्यायालयांचे आधीचे अधिकार, संविधानाला आणि पुढच्या कायद्यांना अधीन राहून, तसेच चालू ठेवले. आपल्या दप्तरातल्या कारकुनाने हे वाचले असते तर समासात एकच शब्द लिहिला असता: बहाल. शहराचे नाव १९९६ मध्ये चेन्नई झाले, न्यायालयाचे मद्रासच राहिले. पुढच्या कायद्यांनी त्या अपिलाला काही मर्यादा घातल्या. तरी चेन्नईच्या त्या लाल इमारतीत आजही पंधराव्या कलमाखाली अपिले दाखल होतात, आणि वकील त्यांवर ‘लेटर्स पेटंट’ असेच लिहितात.